टॉफ्लर दाम्पत्याची कागदपत्रं: हायडींचा वाटा खोक्यांत सापडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘फ्यूचर शॉक’ (1970) आणि ‘द थर्ड वेव्ह’ (1980) या पुस्तकांवर भविष्यवेध घेणारे अमेरिकन लेखक आल्विन टॉफ्लर यांचं एकट्याचं नाव आहे. पुढे ते आणि त्यांच्या पत्नी हायडी दोघंही सांगत राहिले की काम दोघांचं होतं. दोघांची खासगी आणि व्यावसायिक कागदपत्रं आता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, दुर्मिळ ग्रंथ व हस्तलिखितांच्या ग्रंथालयात आहेत. हायडी टॉफ्लर यांचा वाटा किती होता हे त्या कागदांवरून सिद्ध करता येईल का, आणि पीएचडीसाठी पुण्याहून तिकडे जाण्याचा खर्च करावा का?

खर्च करा. पण ‘किती टक्के कुणाचं’ हा प्रश्न घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. लेखकांची, प्राध्यापकांची कागदपत्रं लावण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि त्यात नवरा-बायको दोघंही लिहिणारे असतील तर एक गोष्ट हटकून दिसते. दोघं एकाच घरात राहत असतात, त्यामुळे एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत. पुस्तकाचा गाभा ज्या बोलण्यात ठरतो ते बोलणं स्वयंपाकघरात, गाडीत, फिरायला जाताना होतं आणि तिथेच संपतं. म्हणून अशा संग्रहात ‘हा विचार माझा, तो तुझा’ असं सांगणारं कागद शोधायला जाऊ नये. काम एका हातातून दुसऱ्या हातात कसं जात होतं, ते शोधावं. त्याच्या खुणा मात्र भरपूर राहतात, फक्त जिथे आपण आधी बघतो तिथे नसतात.

आधी या दोघांच्या आयुष्याची मांडणी डोक्यात पक्की करा, कारण कोणत्या काळात कोणत्या प्रकारचा कागद तयार झाला असेल हे त्यावरून कळतं. आल्विन 1928 चे, हायडी 1929 च्या. दोघंही न्यूयॉर्क विद्यापीठातले. 1950 मध्ये लग्न केलं आणि शिकलेली पोरं म्हणून कुठे खुर्ची धरण्याऐवजी ओहायोतल्या क्लीव्हलँडला जाऊन कारखान्यांत मजुरी केली, तीही पाचेक वर्षं. आल्विन वेल्डिंग आणि यंत्रं बसवण्याचं काम करत होते, हायडी ॲल्युमिनियमच्या ओतशाळेत होत्या आणि तिथे युनियनच्या प्रतिनिधीही होत्या. चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकला जातो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे ‘औद्योगिक समाज म्हणजे काय’ हे दोघांनी ज्या आत्मविश्वासाने लिहिलं तो इथून आला, आणि इथे दोघांचा अनुभव बरोबरीचा होता. मग कामगार चळवळीचं वार्तांकन, वॉशिंग्टनमधली पत्रकारिता, ‘फॉर्च्यून’ मासिकात कामगारविषयक लेखन आणि त्यानंतर स्वतंत्र लेखन.

स्वतंत्र लेखन करणारा माणूस अभिलेखागाराच्या, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने सोन्याची खाण असतो. पगारदार लेखकाचे कागद कार्यालयात राहतात. स्वतंत्र लेखकाला करारपत्र, मानधनाची पावती, नकाराचं पत्र, प्रवासाचं बिल सगळं घरात ठेवावं लागतं, कारण अमेरिकेत वर्षअखेर कर भरताना त्यातला डॉलर अन् डॉलर दाखवायचा असतो. संशोधक हे खोके उघडतच नाहीत. ‘आर्थिक’ असं लेबल दिसलं की पुढे जातात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. प्रकाशकाच्या करारावर सह्या कुणाच्या आहेत? व्याख्यानाचं आमंत्रण एकाला आणि विमानाची तिकिटं दोघांची, असं कुठपासून दिसतं? अमेरिकेत जोडप्याने एकत्र विवरणपत्र भरलं तर त्यात दोघांच्या व्यवसायासाठी दोन वेगळ्या जागा असतात. अशा कागदावर 1960 च्या दशकात बायकोच्या व्यवसायापुढे ‘गृहिणी’ लिहिलंय की ‘संपादक’, हा एक शब्द शंभर मुलाखतींना भारी पडतो. करविषयक कागद बऱ्याच संस्था संशोधकांना खुले करत नाहीत, त्यामुळे ते मिळतीलच असं धरून चालू नका. पण संग्रहाच्या सूचीत, म्हणजे कोणत्या खोक्यात काय आहे त्या यादीत, तशी नोंद असेल तर विचारायला काय हरकत आहे?

आता पत्रव्यवहार. जुन्या अमेरिकन व्यावसायिक पत्राच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात, दोन आद्याक्षरांच्या जोड्या असायच्या. मोठ्या लिपीतली जोडी पत्र सांगणाऱ्याची, मध्ये तिरपी रेघ किंवा विसर्गासारखे दोन ठिपके, आणि लहान लिपीतली जोडी टंकलेखन करणाऱ्याची. कार्बन प्रतीवरही ही खूण उतरते. नवशिका संशोधक ती पाहतो आणि लगेच निष्कर्ष काढतो की बायको टायपिस्ट होती. घाई करू नका. घरात टाइपरायटर एक असेल तर टाइप करताना पत्र बदलतंच. मसुदा हाताने लिहिलेला आणि शेवटची प्रत टाइप केलेली अशी जोडी सापडली की दोन्ही शेजारी ठेवून ओळीनुसार ताडून पाहा. परिच्छेद खाली-वर झालाय? एखादं विशेषण उडालंय? आकडा दुरुस्त झालाय? टायपिस्टचं काम आणि संपादकाचं काम यांतला फरक तिथे दिसतो.

त्यासाठी हस्ताक्षर ओळखता आलं पाहिजे, आणि इथे एक शिस्त पाळा. पहिल्या दिवशी हस्तलिखितांना हात लावू नका. आधी प्रत्येकाच्या सहीची आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली, तारीख असलेली, वादातीत अशी चार-पाच पानं गोळा करा: नातेवाइकाला लिहिलेलं पत्र, भरलेला अर्ज, दैनंदिनी. दहा-दहा वर्षांच्या अंतराने एकेक नमुना असला तर उत्तम, कारण पस्तिशीतलं आणि सत्तरीतलं अक्षर सारखं नसतं. मग प्रत्येकाच्या सवयी टिपा: ओळ खोडतो की शब्दाभोवती गोल करतो, समासात प्रश्नचिन्ह टाकतो की पूर्ण वाक्य लिहितो, पेन्सिल वापरतो की शाई. हे झालं की समासातल्या खुणा आपोआप बोलायला लागतात. आमच्याकडे एका प्राध्यापक दाम्पत्याचे कागद आले होते. घरच्यांनी ‘सरांचे’ आणि ‘बाईंचे’ असे दोन ढीग करून दिले होते. सरांच्या ढिगात टाइप केलेली हस्तलिखितं, बाईंच्या ढिगात घरखर्चाच्या वह्या. एका वहीत डाव्या पानावर दुधाचा आणि किराण्याचा हिशोब, उजव्या पानावर सरांच्या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणाचा आराखडा, त्यांच्या नव्हे, बाईंच्या अक्षरात, वरून खाली मुद्द्यांना क्रमांक घातलेला. वही ‘घरगुती’ म्हणून रद्दीत जाता जाता वाचली. मराठी ग्रंथांच्या ऋणनिर्देशात ‘मुद्रितं सौ.ने तपासली’ अशी ओळ असते ना, त्या ओळीमागे असलं काय काय असतं ते असल्या वह्यांत सापडतं.

टॉफ्लरांनी निदान ऋणनिर्देशात हात आखडता घेतला नव्हता. ‘द थर्ड वेव्ह’ची अर्पणपत्रिका हायडींना आहे, आणि तिच्यात आल्विन स्पष्ट सांगतात की हे पुस्तक लिहावं हे तिच्या युक्तिवादामुळे ठरलं आणि तिची कठोर टीका व संपादन पानापानावर आहे. मुखपृष्ठावर दोघांची नावं आली ती 1993 च्या ‘वॉर अँड अँटी-वॉर’पासून. म्हणजे ‘फ्यूचर शॉक’नंतर तेवीस वर्षांनी. त्यानंतर 1995 चं ‘क्रिएटिंग अ न्यू सिव्हिलायझेशन’ आणि 2006 चं ‘रिव्होल्यूशनरी वेल्थ’ दोघांच्या नावावर आहेत. इथे तुमच्यासाठी खरी तुलना तयार आहे. 1990 च्या ‘पॉवरशिफ्ट’चे मसुदे एका बाजूला, 1993 च्या पुस्तकाचे दुसऱ्या बाजूला. नाव एकाचं असताना आणि दोघांचं असताना घरातली कामाची पद्धत बदलली का? बदलली नसेल, समासातल्या खुणा तशाच दिसत असतील, तर तुमचा प्रबंध जवळजवळ तिथेच उभा राहतो. बदलली असेल तर प्रश्न आणखी रंजक होतो.

‘द थर्ड वेव्ह’च्या बाबतीत एक तांत्रिक भानगड आहे, आणि ती लक्षात न घेता कुणी निष्कर्ष काढला तर पार फसगत होईल. त्या पुस्तकातच आल्विन सांगतात की मध्यावर आल्यावर त्यांनी एक साधा संगणक विकत घेतला, तो शब्दलेखनासाठी वापरला आणि पुस्तकाचा उत्तरार्ध त्यावर लिहिला. घरात बसून यंत्राच्या साहाय्याने काम करणाऱ्या माणसाबद्दल लिहिणारा माणूस स्वतःच त्या वाटेने गेला, ही गंमत आहेच. पण अभिलेखागारात काम करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. टाइपरायटरवर लिहिलेल्या प्रकरणाचे पाच मसुदे असतील तर पाचही कागदावर राहतात: खोडलेलं दिसतं, चिकटवलेली पट्टी दिसते, कात्रीने कापून खाली हलवलेला परिच्छेद दिसतो. पडद्यावर केलेली दुरुस्ती आधीचं वाक्य पुसून टाकते. जुनी फ्लॉपी हाती लागली तरी तिच्यात बहुधा शेवटचीच प्रत असते, आणि तीही वाचता आली तर. म्हणून पूर्वार्धात दुसऱ्या हाताच्या भरपूर खुणा आणि उत्तरार्धात एकदम शुकशुकाट असं दिसलं, तर हायडींनी मध्येच काम सोडलं असं समजू नका. बदललं ते यंत्र. उत्तरार्धासाठी छापून काढलेल्या प्रतींवर हाताने केलेल्या दुरुस्त्या आणि प्रकाशकाकडे गेलेली मुद्रितं यांवर भर द्या.

त्याच काळानंतरच्या आणखी एका कागदाबद्दल सावध करतो: 1980 च्या दशकातले फॅक्स. उष्णतेवर चालणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं आपोआप उडतात. चांगल्या संस्था वेळीच त्यांच्या छायाप्रती काढून ठेवतात. फोल्डरमध्ये कोरा, जरा चकचकीत, गुंडाळी होऊ पाहणारा कागद दिसला तर कोरा म्हणून सोडू नका. तिथल्या कर्मचाऱ्यांना दाखवा. तिरप्या उजेडात किंवा स्कॅन करून कधी कधी ओळी वर येतात.

आता कात्रणं. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण भविष्यवेध घेणाऱ्या लेखकाच्या संग्रहात माझ्या मते सर्वांत मोलाचा ऐवज हाच असतो आणि सर्वांत आधी बळी जातो तोही हाच. ‘फ्यूचर शॉक’सारखं पुस्तक प्रयोगशाळेत तयार होत नाही. शेकडो वर्तमानपत्रं, मासिकं, व्यापारी पत्रिका, अहवाल यांतून कापलेल्या बातम्या एकमेकींशेजारी ठेवल्या की त्यांतून एक आकृती दिसायला लागते: कागदी कपडे, भाड्याची घरं, सारख्या होणाऱ्या बदल्या, मोडणारी नाती, आणि मग या सगळ्यांना बांधणारा एक शब्द. ‘फ्यूचर शॉक’ हा तो शब्द आल्विननी 1965 मध्ये ‘होरायझन’ मासिकातल्या लेखात वापरला. पुस्तक यायला पुढची पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत कोणतं कात्रण कोणत्या पाकिटात गेलं, हाच त्या पुस्तकाच्या युक्तिवादाचा इतिहास आहे.

पण वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लगद्याचा. आम्लामुळे पिवळा पडतो, तुकडे पडतात आणि शेजारच्या चांगल्या कागदालाही डाग लावतो. शिवाय ‘हे तर कुठल्याही ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर मिळेल’ असा युक्तिवाद होतो. म्हणून कित्येक संस्था कात्रणांच्या छायाप्रती काढून मूळ फेकतात, काही तर सरळ काढूनच टाकतात. छायाप्रतीत पेन्सिलची फिकट खूण जाते, मागच्या बाजूची नोंद जाते, कुणी कापलं हे कळण्याचा मार्ग जातो. सूचीच्या सुरुवातीला ‘प्रक्रिया-टिपण’ अशा अर्थाचा छोटा परिच्छेद असतो. संग्रह लावताना काय काढलं, काय हलवलं, ते तिथे लिहिलेलं असतं. लोक तो वगळून थेट खोक्यांच्या यादीवर उडी मारतात. तुम्ही तो परिच्छेद आधी वाचा आणि कात्रणांचं काय झालं ते पाहा. मूळ कात्रणं असतील तर पाकिटांवरचे मथळे कुणाच्या अक्षरात आहेत ते टिपा. विषयवारी लावणारा माणूस निम्मं पुस्तक तिथेच लिहून मोकळा झालेला असतो.

कागद कोणत्या क्रमाने ठेवलेत, यालाही अर्थ असतो. मूळ मालकाने ज्या क्रमाने ठेवलं तो क्रम मोडू नये, हे आमच्या धंद्यातलं जुनं तत्त्व. 1898 मध्ये तीन डच अभिलेखपालांनी त्याचं नियमपुस्तक लिहिलं आणि अजून त्याचीच पारायणं चालतात. दाम्पत्याच्या बाबतीत हे तत्त्व दुधारी ठरतं. 1960 च्या दशकातली जगाची पत्रं ‘मि. टॉफ्लर’ या नावाने येत होती, म्हणून फायलींवर नावही तेच पडणार. क्रम जपला की तो पूर्वग्रहही जपला जातो. क्रम मोडून ‘हायडी’ नावाचा वेगळा विभाग केला की दोघांचं एकत्र काम कृत्रिमरीत्या फाटतं. दोन्हींत मी पहिला पर्याय पत्करीन, पण वाचणाऱ्याने भान ठेवायला हवं: ‘आल्विन: पत्रव्यवहार’ असं लेबल असलेल्या फोल्डरात उत्तराचा मसुदा हायडींचा असू शकतो. ग्रंथालयाच्या तालिकेतही हेच होतं. ‘हायडी टॉफ्लर’ नावाने शोधलंत तर 1993 आधीची मोठी पुस्तकं तुमच्यासमोर येणारच नाहीत, कारण नोंद मुखपृष्ठावरच्या नावाने होते.

एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. माणसाच्या संग्रहात त्याला आलेली पत्रं असतात. त्याने पाठवलेल्या पत्राची मूळ प्रत दुसऱ्याच्या घरी असते. म्हणून एका संग्रहावर प्रबंध उभा करू नका. सुदैवाने रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेचे जुने दप्तरही कोलंबियाच्याच त्या ग्रंथालयात आहे, आणि ‘फ्यूचर शॉक’ रँडम हाउसनेच काढलं. एकाच वाचनकक्षात बसून व्यवहाराच्या दोन्ही बाजू तपासण्याची संधी फार कमी वेळा मिळते. त्या दप्तराची सूची आत्ताच उघडून टॉफ्लर नावाखाली काय आहे ते बघून ठेवा.

दुसरं उदाहरण मला स्वतःला फार आवडतं. 1963 मध्ये आल्विन ‘प्लेबॉय’ मासिकासाठी कादंबरीकार व्लादिमिर नाबोकव यांची मुलाखत घ्यायला स्वित्झर्लंडमधल्या माँत्र्यूला गेले. ती जानेवारी 1964 च्या अंकात आली. नाबोकव आयत्या वेळी तोंडी उत्तरं देत नसत. प्रश्न लेखी मागायचे, उत्तरं लेखी द्यायचे. म्हणजे ही मुलाखत मुळात कागदावरच झाली. आणि टेबलाच्या पलीकडे व्हेरा नाबोकव, ज्या नवऱ्याची हस्तलिखितं टाइप करायच्या, त्याचा पत्रव्यवहार सांभाळायच्या, कित्येक पत्रं स्वतः लिहायच्या. एका मुलाखतीच्या दोन्ही टोकांना एकेक अशी बायको, जिच्याशिवाय काम अडलं असतं आणि जिचं नाव छापलं गेलं नाही! नाबोकव यांचे कागद न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बर्ग संग्रहात आहेत, कोलंबियापासून भुयारी रेल्वेने अर्ध्या तासावर. एक दिवस राखून ठेवा.

सल्लागारीच्या कामाचे कागद वेगळ्या जातीचे. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आल्विनकडून अहवाल लिहून घेतला होता. कंपनीने स्वतःला मोडून नव्याने उभं करावं असा त्याचा रोख होता. सरकारने कंपनी फोडली ती 1984 मध्ये, आणि तो अहवाल ‘द अडॅप्टिव्ह कॉर्पोरेशन’ या नावाने पुस्तकरूपात आला 1985 मध्ये. पुढे 1996 मध्ये ‘टॉफ्लर असोशिएट्स’ ही सल्लागार संस्था निघाली. असल्या कागदांत ग्राहकाची गुपितं असतात, त्यामुळे त्यावर वर्षानुवर्षांचं कुलूप असू शकतं. घरगुती भागाचंही तसंच. त्यांची एकुलती एक मुलगी कॅरन दीर्घ आजारानंतर 2000 मध्ये वारली. आजारपणाचे, दुःखाचे कागद बंद असतील तर वाईट वाटून घेऊ नका, आणि खुले असले तरी आपल्या विषयाला लागत नसतील तर उघडू नका, असं माझं मत. खुलं आहे म्हणून वाचलंच पाहिजे असं कुठे आहे?

स्वामित्वहक्कांचा (कॉपीराइटचा) मामला जाण्यापूर्वीच समजून घ्या, कारण तुमचा विषय थेट त्याला भिडतो. पत्राचा कागद संग्रहाचा, पण मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा. टॉफ्लरांना एखाद्या वाचकाने लिहिलेलं पत्र छापायला टॉफ्लरांच्या वारसांची परवानगी चालणार नाही. अमेरिकेत अप्रकाशित लेखनाचं आणि 1978 नंतरच्या पुस्तकांचं संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं राहतं, आणि संयुक्त लेखन असेल तर मागे राहिलेल्या लेखकाच्या मृत्यूपासून. आल्विन 2016 मध्ये गेले, हायडी 2019 मध्ये. म्हणजे ‘द थर्ड वेव्ह’ एकट्या आल्विनचं मानलं तर 2086 अखेरपर्यंत, दोघांचं मानलं तर 2089 अखेरपर्यंत. ‘फ्यूचर शॉक’ 1970 चं, त्याला प्रकाशनापासून 95 वर्षांचा जुना नियम लागतो, 2065 अखेर. तिथे लेखक कोण याने फरक पडत नाही. भारतात मृत्यूनंतरची मुदत 60 वर्षांची. प्रबंधात चार ओळी उद्धृत करायला कुणी अडवत नाही; पूर्ण पत्र किंवा मसुद्याचं पान छापायचं असेल, प्रबंधाचं पुस्तक करायचं असेल, तेव्हा लेखी परवानगी लागेल. ती मागायला चार-सहा महिने हाताशी ठेवा.

प्रत्यक्ष कामाचं. संग्रहाची सूची घरबसल्या उघडते. ती छापून घ्या आणि पेन्सिलने खुणा करा. हवी ती खोकी आधी मागवावी लागतात, कारण कोलंबियाचा बराच ऐवज न्यू जर्सीत प्रिन्स्टनजवळच्या सामायिक गोदामात असतो आणि तिथून यायला काही दिवस जातात. सोमवारी सकाळी जाऊन उभं राहिलात आणि खोकं गुरुवारी आलं, असं व्हायला नको. अभिलेखपालांना ईमेल करा, पण ‘मला टॉफ्लरांविषयी सगळं हवंय’ असं लिहू नका. ‘अमुक खोक्यातल्या अमुक फोल्डरमध्ये मूळ कात्रणं आहेत की छायाप्रती?’ असं नेमकं विचारा, म्हणजे नेमकं उत्तर मिळेल. वाचनकक्षात पेन्सिल, एका वेळी एक फोल्डर, कागदांचा क्रम जसाच्या तसा. छायाचित्रं काढता येतात, फ्लॅश नाही. प्रत्येक फोल्डरचं पहिलं छायाचित्र त्याच्या लेबलचं काढा, खोका क्रमांकासकट. दोन हजार छायाचित्रं घेऊन घरी आल्यावर कोणतं पान कुठलं हे न कळणारे संशोधक मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही.

शेवटी विषयाच्या आकाराबद्दल. पूर्ण सहलेखन हा पीएचडीला झेपणारा विषय नाही. पन्नास वर्षांचे कागद आहेत. एक प्रकरण धरा. ‘द थर्ड वेव्ह’मधलं तेविसावं प्रकरण ‘गांधी विथ सॅटेलाइट्स’ या नावाचं आहे: गरीब देशांनी पाश्चात्त्य कारखानदारीची पूर्ण वाट तुडवण्याऐवजी खेडं आणि नवं तंत्रज्ञान यांची थेट सांगड घालावी, असा त्याचा सूर. पुस्तक 1980 चं. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, ऑगस्ट 1975 ते जुलै 1976, भारतात उपग्रहावरून सुमारे 2,400 खेड्यांना दूरदर्शन दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला होता. त्या प्रयोगाची माहिती टॉफ्लरांच्या टेबलापर्यंत पोचली का, कुणाकडून पोचली, भारतातून कुणी अहवाल पाठवले, ते कुणी वाचून खुणा केल्या, हे सगळं एका प्रकरणाच्या फायलींत शोधता येईल. गांधी वाचलेली, भारतीय संदर्भ ओळखणारी संशोधक तिथे बसली तर अमेरिकन चरित्रकाराच्या नजरेतून सुटलेली नावं तिला पटकन दिसतील. शिवाय हे प्रकरण पुस्तकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे संगणकावर लिहिलेल्या भागातलं. तेव्हा या प्रकरणासाठी मसुद्यांपेक्षा कात्रणांची पाकिटं, आलेली पत्रं आणि प्रकाशकाकडची मुद्रितं आधी मागवा, आणि त्या खोक्यांचे क्रमांक पहिल्याच ईमेलमध्ये कळवा.